न्यूगेटची माउली

इंग्लंडच्या पूर्व भागात नॉरिच नावाचे एक जुने शहर आहे. लोकरीच्या कापडाबद्दल ते पूर्वी फार प्रसिद्ध होते. या शहरात गर्नी नावाचे एक सधन कुटुंब राहत असे. लोकरीचा व्यापार आणि पेढी हे त्या कुटुंबाचे व्यवसाय होते. याच कुटुंबात २१ मे १७८० रोजी एलिझाबेथचा जन्म झाला. घरातील मंडळी तिला लाडाने बेट्सी म्हणत.

बेट्सी ही पुष्कळ भावंडांतली एक. तिच्या बहिणी चपळ, हसऱ्या आणि बोलक्या होत्या. ही मात्र वारंवार आजारी पडे आणि अभ्यासातही मागे राही. त्यातच तिचा स्वभाव अतिशय भित्रा. रात्री निजण्याच्या खोलीतील दिवा मालवला, की तिच्या उरात धडकी भरे. समुद्रस्नानासाठी मुलांना किनाऱ्यावर नेत, तेव्हा समुद्र दृष्टीस पडताच ती रडू लागे. आई झोपलेली असली, की तिचा श्वास चालू आहे ना, हे ती हळूच जवळ जाऊन पाहत असे. बेट्सी बारा वर्षांची असताना तिची आई खरोखरच वारली. ही भित्री मुलगी पुढे ज्या जागी आपण होऊन शिरली, तेथे पाऊल टाकण्यास तुरुंगाचे अधिकारीही कचरत असत.

गर्नी कुटुंब क्वेकर पंथाचे होते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेला हा एक ख्रिस्ती पंथ आहे. तेथील क्वेकर लोकांत पुरोहित नसे. उपासनेच्या वेळी स्त्रीपुरुष एका साध्या सभागृहात स्तब्ध बसून राहत, आणि ज्याला अंतःकरणातून प्रेरणा होई तो उठून चार शब्द बोले. मग तो पुरुष असो की स्त्री. प्रत्येक मनुष्याच्या अंतर्यामी ईश्वराचा प्रकाश आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्या काळचे निष्ठावंत क्वेकर साधे, करडे कपडे घालीत आणि गाणेबजावणे वर्ज्य मानीत. गर्नींच्या घरी मात्र एवढे सोवळे नव्हते. तेथे मुली रंगीत कपडे घालीत, गात, नाचत.

१७९८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात विल्यम सॅव्हरी नावाचा एक अमेरिकन क्वेकर उपदेशक नॉरिचला आला. सतरा वर्षांची बेट्सी त्या दिवशी लाल नाड्यांचे जांभळे बूट घालून सभेस गेली होती. प्रारंभी तिचे निम्मे लक्ष आपल्या बुटांकडेच होते. सॅव्हरी बोलू लागला आणि तिचे भान हरपले. परत जाताना तिला रडू आवरेना. त्या दिवसापासून तिचे चित्त पालटले. हळूहळू तिने रंगीत कपडे टाकले आणि क्वेकर स्त्रियांची साधी पांढरी टोपी डोक्यावर घातली. घरातील धुण्याच्या खोलीत तिने आसपासच्या गरीब मुलांसाठी एक शाळा भरविली. एक मुलगा घेऊन आरंभिलेल्या या शाळेत पाहता पाहता सत्तरच्या आसपास मुले येऊ लागली. शिक्षिका एकटीच, मदतीला कोणी नाही. परंतु एवढ्या मुलांना न रागावता शांत बसविण्याची हातोटी तिला तेथेच साधली.

१८०० साली जोसेफ फ्राय या क्वेकर व्यापाऱ्याशी तिचा विवाह झाला व ती लंडनला राहण्यास गेली. पुढील बारा वर्षे मुलाबाळांच्या संगोपनात, पाहुण्यांच्या सरबराईत आणि आजारपणांत गेली. तिला एकंदर अकरा मुले झाली. मधल्या काळात, १८११ साली, तिच्या पंथाने तिला उपदेशक म्हणून मान्यता दिली. आपले आयुष्य व्यर्थ चालले आहे, ही रुखरुख मात्र तिच्या मनाला सतत लागून राहिली होती.

त्या काळचा इंग्लंडचा कायदा फार कठोर होता. २०० हून अधिक अपराधांना मृत्यूची शिक्षा सांगितलेली होती. खून, दरोडा यांसारख्या घोर कृत्यांनाच नव्हे, तर मेंढी चोरणे, खोटी नोट चालविणे अशा अपराधांनाही फाशी होऊ शके. पुष्कळांची फाशी रद्द होऊन त्यांना जन्मभरासाठी किंवा काही वर्षांसाठी दूर ऑस्ट्रेलियात पाठवीत. आपल्याकडे ज्याला काळ्या पाण्याची शिक्षा म्हणत, तसाच तो प्रकार होता. शिक्षेचे भय जितके अधिक, तितके गुन्हे कमी होतील, असा राज्यकर्त्यांचा समज होता. प्रत्यक्षात तुरुंग ओसंडून वाहत होते.

लंडनचा न्यूगेट तुरुंग त्यांत सर्वांत कुप्रसिद्ध. १८१३ च्या आरंभी स्टीफन ग्रेलेट नावाचा एक क्वेकर प्रवासी तो तुरुंग पाहून थेट एलिझाबेथच्या घरी आला. स्त्रियांच्या विभागातील दृश्याने तो हादरून गेला होता. थंडीच्या दिवसांत आजारी स्त्रिया उघड्या फरशीवर पडलेल्या होत्या आणि तुरुंगातच जन्मलेल्या तान्ह्या मुलांच्या अंगावर धड चिंधीही नव्हती. हे ऐकताच एलिझाबेथने गरम कापडाचे ठाण मागविले, मैत्रिणींना बोलावून घेतले आणि सगळ्या जणी बाळांचे कपडे शिवण्यास बसल्या. नंतर ते कपडे घेऊन ॲना बक्स्टन या मैत्रिणीसह ती न्यूगेटच्या दारात उभी राहिली.

आत सुमारे ३०० स्त्रिया आणि त्यांची मुले अपुऱ्या जागेत कोंडलेली होती. ज्यांचा खटला अजून चाललाही नव्हता अशा मुली आणि फाशीची वाट पाहणाऱ्या स्त्रिया एकाच ठिकाणी. तेथेच स्वयंपाक, तेथेच धुणे, तेथेच निजणे. बाहेरचा कोणी पाहुणा दिसला, की गजांतून लांब काठ्यांना बांधलेले लाकडी चमचे पुढे येत. त्यांत पडलेल्या पैशांची लगेच दारू येई. शिवीगाळ आणि मारामारी तर अष्टौप्रहर चाले. घड्याळ बाहेर ठेवून जा, आत ते हिसकावून घेतील, असा सल्ला अधिकाऱ्यांनी एलिझाबेथला दिला. तिने घड्याळ काढले नाही. या भेटींत तिने पाहिलेले एक दृश्य तिच्या मनातून कधीच गेले नाही: दोन स्त्रिया एका मृत बालकाच्या अंगावरील कपडे उतरवीत होत्या, दुसऱ्या जिवंत बालकाला घालण्यासाठी.

तिने कपडे वाटले, निजण्यास स्वच्छ पेंढा देवविला, दोन शब्द प्रार्थनेचे उच्चारले आणि ती परतली. यानंतर सुमारे चार वर्षे ती न्यूगेटमध्ये काम आरंभू शकली नाही. घरात बाळंतपणे आणि दुखणी चालूच होती. १८१५ साली तर तिची पाच वर्षांचीही न झालेली मुलगी दगावली. तिचे नावही एलिझाबेथच होते. हे दुःख आईच्या काळजात खोल रुतून बसले.

१८१६ च्या अखेरीस ती पुन्हा न्यूगेटला गेली. या वेळी तिने अधिकाऱ्यांना विनंती केली, की आपल्याला एकटीला त्या स्त्रियांत सोडावे आणि दार लावून घ्यावे. मोठ्या नाखुशीने त्यांनी ती मान्य केली. आत गेल्यावर तिने कोणाचाही गुन्हा विचारला नाही. गर्दीतील एका मुलाला तिने उचलून घेतले, आणि या मुलांसाठी आपल्याला सर्वांना मिळून काही करता येणार नाही का, असे त्या आयांना विचारले. आजवर त्या स्त्रियांना पुष्कळांनी दरडावले होते. त्यांचा सल्ला मात्र कोणी मागितला नव्हता. गोंगाट थांबला. कित्येकींच्या डोळ्यांना पाणी आले.

याच सुमारास तिने त्यांना बायबलमधील द्राक्षमळ्याचा दृष्टांत वाचून दाखविला. येशू ख्रिस्ताने सांगितलेली ही गोष्ट अशी आहे. एक मळेवाला पहाटे बाजारात जाऊन दिवसभराची मजुरी ठरवतो आणि काही मजूर कामाला लावतो. नंतर तो पुन्हा पुन्हा बाजारात जातो आणि रिकामे उभे असलेले आणखी मजूर आणतो. दिवस मावळण्यास एकच तास उरलेला असतानाही काही जण त्याला तेथे आढळतात. त्यांनाही तो कामावर घेतो. संध्याकाळी तो सर्वांना सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी देतो. उन्हात दिवसभर राबलेले मजूर कुरकुर करू लागतात. ठरलेले तुम्हाला मिळाले, माझ्या पदरचे मी कोणाला द्यावे हा माझा प्रश्न आहे, अशा आशयाचे उत्तर मळेवाला त्यांना देतो.

हिशेबी माणसाला ही गोष्ट पटत नाही. शेवटच्या तासाला आलेल्यांनी ती मजुरी मिळविलेली नव्हती, हे खरेच आहे. परंतु ख्रिस्ती धर्मात ज्याला कृपा म्हणतात ती हीच. ती कमावता येत नाही. देणाऱ्याच्या औदार्यामुळे ती मिळते. उशिरा आलेल्यालाही मळ्याचे दार बंद नाही, हा त्या दृष्टांताचा गाभा आहे. न्यूगेटमधील स्त्रिया हे ऐकत होत्या. त्यांच्यापैकी काही जणींनी ख्रिस्त म्हणजे कोण, असे विचारले. ज्या देशाच्या राजाला धर्माचा रक्षक असा किताब होता, त्या देशाच्या राजधानीत हा प्रश्न विचारला गेला! आणखी काहींना आपली वेळ केव्हाच टळून गेली, असे वाटत होते. एलिझाबेथचे पुढील सारे कार्य म्हणजे या दुसऱ्या स्त्रियांना तिने दिलेले उत्तर होते.

एका रिकाम्या कोठडीत मुलांची शाळा सुरू झाली. शिक्षिका कोणी व्हावे, हे ठरविण्याचे काम तिने कैदी स्त्रियांवरच सोपविले. त्यांनी मेरी कॉनर नावाच्या तरुणीची निवड केली. घड्याळ चोरल्याबद्दल ती शिक्षा भोगत होती. चोरी करून आलेल्या मुलीच्या हाती मुले सोपवावी काय, असा प्रश्न एलिझाबेथला पडला नाही. मेरीने हे काम इतक्या निष्ठेने केले, की पुढे तिला शिक्षेची माफी मिळाली. शाळेत मुलांबरोबर तरुण स्त्रियाही येऊ लागल्या. जागा अपुरी पडू लागली. दारात उभ्या राहून आम्हांलाही शिकवा, अशी याचना करणाऱ्यांना परत पाठविताना तिचे मन कष्टी होई.

आता मोठ्या स्त्रियांनाही काम मिळाले पाहिजे, असे तिने ठरविले. १८१७ च्या एप्रिल महिन्यात तिने बारा स्त्रियांची एक मंडळी स्थापन केली. त्यांतील अकरा जणी क्वेकर होत्या आणि एक धर्मोपदेशकाची पत्नी होती. या मंडळीतील कोणी ना कोणी रोज तुरुंगात जाई. शहराच्या अधिकाऱ्यांना ही कल्पना वेडगळ वाटली. या बायका कापड चोरतील, सुया मोडतील आणि चार दिवसांत सारे पूर्वपदावर येईल, असे भाकीत त्यांनी केले.

एलिझाबेथने कैदी स्त्रियांना एकत्र बसविले आणि नियमांची यादी हाती घेतली. भीक मागू नये, शिव्या देऊ नयेत, जुगार खेळू नये, नेमून दिलेले शिवणकाम नीट करावे, असे ते नियम होते. एकेक नियम वाचून झाला, की तो मान्य असणाऱ्यांनी हात वर करावा, असे तिने सांगितले. प्रत्येक नियमाला हात वर झाले. कैद्यांचे मत घेऊन केलेले नियम न्यूगेटने त्यापूर्वी पाहिले नव्हते. तिने अपराधाला अपराध न म्हणता सोडून दिले, असा मात्र याचा अर्थ नव्हे. तिची शिस्त कडक होती. फक्त ती बाहेरून लादलेली नव्हती.

काही दिवसांनी आतमध्ये पत्ते खेळले जातात, असे तिच्या कानी आले. तिने झडती घेतली नाही, की कोण खेळते हेही विचारले नाही. ज्यांच्याजवळ पत्ते असतील त्यांनी ते आणून दिल्यास आपल्याला आनंद होईल, एवढेच ती बोलली. तिला फारशी आशा नव्हती. परंतु एकामागून एक पाच जणी आल्या आणि पाच जोड तिच्या हाती पडले. ते तिने जाळून टाकले आणि प्रत्येकीला मलमलीचा एकेक रुमाल भेट दिला. त्यांतील एका मुलीचा चेहरा रुमाल घेताना उतरला. आपल्याला स्वतःचे नाव घातलेले बायबल मिळेल, अशी तिची अपेक्षा होती!

महिनाभराने लंडनचा महापौर आणि इतर अधिकारी तुरुंग पाहण्यास आले. स्वच्छ कपडे घातलेल्या स्त्रिया रांगेत शिवणकाम करीत बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर बायबलचे वाचन चालले होते. लाकडी चमचे नाहीसे झाले होते. वेडगळ वाटलेली ती योजना नगरपालिकेने आपली म्हणून स्वीकारली आणि देखरेख करणाऱ्या बाईच्या वेतनातील काही वाटाही उचलला.

ऑस्ट्रेलियाला पाठविल्या जाणाऱ्या स्त्रियांची अवस्था आणखी वाईट होती. निघण्याच्या आदल्या रात्री त्या बेभान होऊन खिडक्या आणि सामान फोडीत. सकाळी त्यांना साखळ्या घालून उघड्या गाड्यांतून बंदराकडे नेत आणि रस्त्यावरील लोक त्यांची हुर्यो करीत. १८१८ साली एलिझाबेथने अधिकाऱ्यांकडून बंद गाड्या मागून घेतल्या आणि स्त्रिया शांतपणे जातील, अशी हमी स्वतः दिली. गाड्यांच्या मागोमाग तिची गाडी होती. कोणीही दंगा केला नाही. पुढे पंचवीस वर्षांच्या काळात अशा १०० हून अधिक जहाजांवर तिची मंडळी जाऊन आली. प्रत्येक स्त्रीला एक पिशवी मिळे. तीत सुया, दोरा, कात्री आणि रंगीत कापडाचे तुकडे असत. समुद्रावरील त्या कंटाळवाण्या महिन्यांत गोधड्या शिवाव्या आणि उतरल्यावर विकून चार पैसे गाठीला बांधावे, हा त्यातील हेतू होता. १८४१ साली ‘राजा’ नावाच्या जहाजावरील स्त्रियांनी २८१५ तुकडे जोडून अशीच एक भव्य गोधडी तयार केली आणि तीवर आभाराचे शब्द भरले. आज ती ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे.

एलिझाबेथला यश आले तसे अपयशही आले. त्यातील एक तर तिला फार झोंबले. न्यूगेटमध्ये हॅरिएट स्केल्टन नावाची एक तरुण मोलकरीण होती. जिवाभावाच्या माणसाच्या सांगण्यावरून तिने बँक ऑफ इंग्लंडच्या खोट्या नोटा चालविल्या होत्या. १७९७ पासून बँकेने लहान रकमेच्या नोटा काढल्या होत्या. त्यांची नक्कल करणे सोपे होते. नकली नोट चालविताना पकडला गेलेला माणूस बहुधा गरीबच असे, आणि बँक अशांवर खटले भरी. हॅरिएटला फाशीची शिक्षा झाली. तिचा शांत, विश्वासू चेहरा पाहून भेटीस येणाऱ्यांची मने द्रवत. एलिझाबेथने धावाधाव केली. राजघराण्यातील ड्यूक ऑफ ग्लॉस्टर याने कोठडीत येऊन हॅरिएटची भेट घेतली आणि तिच्यासाठी रदबदली केली. बँकेचे संचालक बधले नाहीत. एलिझाबेथ गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्याकडे गेली. त्यांनी तिला कठोर शब्दांत परतवून लावले. ही बाई कायद्याचा धाक घालविते आहे, असे त्यांचे मत झाले होते. १८१८ च्या एप्रिल महिन्यात हॅरिएटला फाशी दिली गेली. योगायोग असा, की त्याच दिवसांत एका समारंभात इंग्लंडच्या राणीने एलिझाबेथची आपुलकीने विचारपूस केली आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एलिझाबेथला त्या टाळ्या गोड लागल्या नसतील.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, पार्लमेंटच्या चौकशी समितीपुढे तिची साक्ष झाली होती. अशा समितीने एका स्त्रीला तुरुंगांच्या प्रश्नावर साक्षीस बोलवावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. स्त्री-कैद्यांवर स्त्रियांचीच देखरेख असावी, त्यांना काम मिळावे, कोवळ्या अपराधिनींना निर्ढावलेल्या कैद्यांपासून वेगळे ठेवावे, असे तिने आपल्या अनुभवावरून सांगितले. १८२३ च्या तुरुंगविषयक कायद्याने स्त्री-कैद्यांवर स्त्री-पहारेकरी नेमण्याची तरतूद केली. खोट्या नोटांबद्दलची फाशी १८३२ साली बंद झाली. हॅरिएटच्या दृष्टीने ती चौदा वर्षे उशिरा बंद झाली.

एलिझाबेथचे टीकाकार थोडे नव्हते. तुरुंग सुखाचा झाला तर लोक गुन्ह्याला भिणार नाहीत, असे काही म्हणत. स्वतःची मुले दाईकडे टाकून ही चोरांची मुले सांभाळते, असे इतर काही म्हणत. दुसऱ्या आक्षेपात थोडे तथ्य होते. तिच्या मुलांना आईचा सहवास फारसा लाभला नाही आणि मोठेपणी त्यांतील बहुतेकांनी क्वेकर पंथ सोडला. याची खंत तिला होती.

१८२८ च्या नोव्हेंबर महिन्यात तिच्या पतीच्या पेढीचे दिवाळे वाजले. अनेक ठेवीदार बुडाले. क्वेकर लोकांत कर्ज बुडविणे हा मोठा कलंक समजला जाई; जोसेफ फ्राय यांना पंथातून काढून टाकण्यात आले. ठेवीदारांचा पैसा बाईंच्या परोपकारात खर्च झाला, अशी अफवाही पसरली. प्लॅशेट येथील प्रशस्त घर सोडून कुटुंबाला लहान घरात जावे लागले. ज्या बाईने अपराध्यांना कधी दूर लोटले नाही, तिच्या घराकडे आता तिच्याच पंथातील माणसे बोट दाखवीत होती. उपासनेस जाणे हीच एक शिक्षा होऊन बसली. एलिझाबेथ गेली, आपल्या नेहमीच्या जागी बसली, आणि तिने कोणाविषयी कडू शब्द उच्चारला नाही. पतीलाही तिने दोष दिला नाही. आता कोणत्या तोंडाने न्यूगेटला जावे, असा विचार तिच्या मनात येत होता. अशा वेळी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्बरफोर्स यांनी पत्र लिहून तिला धीर दिला. ती पुन्हा न्यूगेटला जाऊ लागली. तेथे कोणी तिला तिच्या पतीच्या कर्जाविषयी विचारले नाही.

पुढील वर्षांत तिने यूरोपातील अनेक देशांचे तुरुंग पाहिले. रोग्यांच्या शुश्रूषेसाठी स्त्रियांना तयार करणारी संस्था तिने १८४० साली स्थापन केली. १८४२ मध्ये प्रशियाचा राजा तिच्याबरोबर न्यूगेट पाहण्यास आला आणि नंतर तिच्या घरी जेवला. मात्र याच काळात तुरुंगांविषयीचे वारे फिरले होते. कैद्याला एकांतकोठडीत ठेवावे आणि त्याला बोलूही देऊ नये, ही नवी पद्धती सरकारला आवडू लागली. १८३६ च्या सुमारास सरकारी निरीक्षकांनी न्यूगेटमधील तिच्या मंडळीच्या कामावरही ताशेरे झाडले. एकांतात कोंडलेला माणूस सुधारण्याऐवजी मनाने खचतो, असे तिचे मत होते. ते तिने शेवटपर्यंत सोडले नाही.

१८४५ च्या ऑक्टोबर महिन्यात रॅम्सगेट येथे, समुद्रकाठच्या घरी, तिचा अंत झाला. लहानपणी ज्या समुद्राचे तिला भय वाटे, तो तेथे जवळच होता. बार्किंग येथील क्वेकर लोकांच्या दफनभूमीत तिला पुरण्यात आले, तेव्हा लोकांचा मोठा समुदाय मुकाट्याने उभा होता.

न्यूगेटचा तुरुंग विसाव्या शतकाच्या आरंभी पाडण्यात आला. २००२ साली बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांची नवी नोट काढली. तिच्या एका बाजूला राणी दुसऱ्या एलिझाबेथचे चित्र होते, आणि दुसऱ्या बाजूला साधी टोपी घातलेल्या एलिझाबेथ फ्रायचे. तिच्या शेजारी न्यूगेटच्या त्या दालनाचे चित्र होते: ती पुस्तक वाचीत आहे आणि कैदी स्त्रिया ऐकत आहेत. २०१७ पर्यंत ती नोट चलनात होती. जिच्या खोट्या नोटांपायी हॅरिएट स्केल्टन फासावर गेली, तीच ही बँक.